पाया पडणारं कोण आहे?

दुपारी दवाखान्यातली गर्दी ओसरली की मॅडम एखाद्या रिकाम्या खाटेवर आडव्या होत आणि दोन्ही पाय भिंतीला टेकवून सरळ वर करत. साडी असली तर निऱ्या गुडघ्यांत दाबून धरत, सलवार असली तर तेवढंही नाही. तशाच पडून फोनवर बोलत, रिपोर्ट वाचत, संत्र्याच्या फोडी खात. एकदा गावातल्या एका मोठ्या माणसाची बायको त्यांना भेटायला आली. पडदा सरकवून बघते तर डॉक्टरीणबाईंचे तळवे भिंतीवर. ती आल्या पावली मागं फिरली. मॅडमनी तशाच आडव्या राहून हाक मारली, "या ना, बसा. पाय वर असले तरी कान जागेवर आहेत."

ती बाई पुन्हा आली नाही. मॅडमला त्याचं काही वाटलं नाही. त्यांना कशाचंच काही वाटत नसे, आणि हेच मला सहन होत नसे.

मी त्या दवाखान्यात आया. सौसरमधला छोटा दवाखाना, खाली ओपीडी, वर आयसीयू. आयसीयू म्हणजे काही खाटा, मॉनिटर आणि एक जुना एसी. मॅडम सातारकडच्या. त्या इकडं कशा आल्या ते कोणाला नीट माहीत नव्हतं. कोणी म्हणे घरी भांडून आल्या, कोणी म्हणे नोकरीची जाहिरात वाचून आल्या. मी कधी विचारलं नाही. मी कोणाला काही विचारत नाही.

आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलो. हे त्यांनीच शोधून काढलं आणि वॉर्डभर सांगत सुटल्या, जशा काही आम्ही जुळ्या. तेव्हापासून मला प्रत्येक गोष्टीत स्वतःला त्यांच्याशेजारी ठेवून बघायची सवय लागली. त्यांचे केस पांढरे झाले होते तरी त्यांना शोभत. माझे काळे होते, ते कोणाच्या लक्षातही येत नसत. त्या हसल्या की खालच्या औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू जाई. मी बोलले की समोरचा माणूस विचारतो, काय म्हटलं? शाळेत गुरुजीही हेच विचारत. चौथीनंतर शाळा सुटली, ते विचारणंही सुटलं. मॅडम मला माझ्या नावानं हाक मारत नसत. म्हणत, "ए लाजाळू."

माणसाचं तोंड बघण्याआधी त्या पाय बघत. पेशंट दारातून आत आला की यांची नजर खाली. पाय गार आहेत का, सुजलेत का, नखं निळी आहेत का. पांढऱ्या कोटाच्या खिशात लोकरी मोज्यांचे जोड असत. कोणाचे पाय गार लागले की आधी मोजे चढवत, मग नाव विचारत. आठवडी बाजारात एखादा माणूस त्यांना नमस्कार करी, तर यांना तो ओळखू येत नसे. मग खाली बघत आणि म्हणत, "अरे, तुम्ही होय. अंगठ्याचं नखुरडं बरं झालं का?" भाजीवाल्या बाया हसून लोटपोट होत. मीही हसत असे, पण माझ्या मनात येई, हिला सगळ्यांचे पाय पाठ आहेत, माझे असतील का? असतील तर ती कधी बोलली का नाही?

आमच्या भागात माणूस आजारी पडला की त्याला बोतल चढवावी लागते. बोतल म्हणजे सलाईन. गोळी दिली तर डॉक्टर हलका, सुई दिली तर बरा, बोतल लावली तर खरा. कमजोरी वाटली, लावा बोतल. लग्नाच्या धावपळीत थकलो, लावा बोतल. मॅडमचं लोकांशी रोज भांडण होई ते यावरूनच. आयसीयूत तर फारच. तिथला माणूस बीपी खाली गेलेला, अर्धवट शुद्धीत. नातेवाईकांना वाटे, बाटली लटकत नाही म्हणजे काही चालूच नाही.

लोधीखेड्याकडचा एक बगीचावाला आपल्या म्हाताऱ्या बापासाठी असाच अडून बसला होता. मॅडमनी त्याला बाहेरच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि विचारलं, "तुमच्या संत्र्याच्या झाडाची पानं मलूल दिसली तर काय करता?"

"पाणी देतो."

"बुडाशी आधीच पाणी साचलेलं असेल तर?"

तो म्हणाला, "मंग नाही देत. मूळ सडते, झाड मरते."

"मलूल तर दोन्ही झाडं दिसतात. मग कळतं कसं?"

"उकरून पाह्यतो ना मॅडम."

"मग मलाही उकरून बघू द्या," म्हणत त्या उठल्या.

त्यांचं उकरून बघणं म्हणजे पाय वर करणं. हे मला त्यांनीच एका दुपारी समजावलं, स्वतःचे पाय भिंतीला लावलेले असताना. पेशंटला आधी थोडं बसतं ठेवायचं. मग पाठ खाली करायची आणि दोन्ही पाय उचलून धरायचे. पायांत साठलेलं रक्त उतरून छातीकडं येतं. म्हणजे बाहेरून थेंबही न देता माणसाला त्याचीच एक बाटली द्यायची. त्याच वेळी छातीवर सोनोग्राफीचं मशीन धरून बघायचं, हृदय आता जास्त रक्त बाहेर टाकतंय का. टाकत असेल तर सलाईन त्याच्या कामाचं. टाकत नसेल तर तेच पाणी फुप्फुसात उतरेल आणि माणूस खाटेवर पडल्या पडल्या बुडेल. पाय खाली ठेवले की सगळं जिथल्या तिथं. "सलाईन एकदा आत गेलं की माघारी बोलावता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "पाय माघारी बोलावता येतात."

मोठ्या शहरात खाटच बटणावर कलते म्हणे. आमच्या खाटांची डोक्याकडची बाजू तेवढी वरखाली व्हायची. पायांकडच्या बाजूला हातच लावावा लागे. आणि त्यातच मॅडम एकदा फसल्या.

रामाकोन्याचा एक म्हातारा होता. भजनी माणूस, कपाळाला बुक्का. मॅडमनी मशीन त्यांच्या हाताखालच्या लहान डॉक्टरच्या हाती दिलं आणि स्वतः त्याचे पाय उचलले. म्हातारा अर्ध्या शुद्धीत होता, पण डॉक्टरीणबाईंचे हात आपल्या पायांना लागलेले त्याला कळले. "बाई, मले पाप नका लावू," म्हणत तो पाय मागं ओढू लागला, हात जोडू लागला. मॅडमना वाटलं, बरळतोय. इकडं मशीनवर आकडा चांगला वर गेला. त्यांनी सलाईन सोडलं. संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याच्या छातीत घरघर सुरू झाली. लघवीचं औषध देऊन देऊन ते पाणी बाहेर काढलं तेव्हा कुठं तो वाचला. आकडा वाढला होता तो पायांतल्या रक्तानं नव्हे. म्हातारा संकोचानं झटत होता, जीव तोडून पाय सोडवत होता, त्यानं हृदय धावलं होतं.

त्या दिवशी मॅडम जेवल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "आमच्याकडं कुणी एवढं मनावर घेतलं नसतं गं. इथं पाय म्हणजे काय, हे मला शिकावं लागेल."

त्यांनी ते शिकून घेतलं. तेव्हापासून पाय उचलायची वेळ आली की त्या आयसीयूच्या दारात उभ्या राहत आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना मोठ्यानं विचारत, "यांच्या पाया पडणारं कोण आहे?" मुलगा, सून, धाकटा भाऊ, नातू, जो कोणी रोजच्या रीतीनं त्या माणसाच्या पायांना हात लावत असेल तो आत येई. त्याला त्या टाचा तळहातांवर कशा धरायच्या, गुडघे कसे सरळ ठेवायचे, झटका कसा द्यायचा नाही ते सांगत. आणि पाय खाली ठेवले की प्रत्येकाला एकच प्रश्न, "सैल होते की ओढत होते?" कारण ते पाय धरणाऱ्याच्या हातालाच कळतं, मशीनला नाही. ओढत होते म्हटलं की तो आकडा त्या धरतच नसत.

एकदा लग्नात जेवून उलट्या-जुलाबांनी निथळलेला एक तरुण मुलगा आला. डोळे खोल गेलेले, नाडी लागेना. घरचे सगळे त्याच्याहून मोठे. मॅडमनी दारात प्रश्न विचारला तर सगळे एकमेकांकडं बघू लागले. मग मागून एक धोतरवाला पिकल्या मिशांचा माणूस पुढं आला. म्हणाला, "भाचा आहे माहा. मीच पडतो त्याच्या पाया."

मॅडम बघतच राहिल्या. "तुमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो? आमच्याकडं मामा कान पिळतो."

"कान बी पिळतो. पण तो बरा झाल्यावर," मामा म्हणाला आणि चपला दाराशी सोडून आत आला. त्यानं देवाची पालखी धरावी तसे भाच्याचे पाय धरले. पोराला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, पाय कापसासारखे सैल. आकडा वर गेला. मॅडमनी भराभर बाटल्या सोडल्या, आणि संध्याकाळी पोरगं उठून चहा मागू लागलं. मॅडमनी ही गोष्ट पुढं ज्याला त्याला सांगितली. सांगताना मामासारखं नसलेल्या मिशीवरून बोट फिरवत.

आणि ज्याचं कोणीच नसे, त्याच्यासाठी हाक येई, "ए लाजाळू, ये."

आयाच्या हाताची कोणाला लाज वाटत नाही. आम्ही अंग पुसतो, भांडं लावतो, आमच्यासमोर माणूस सगळं सोडून देतो. माझ्या हातात कोणाचेच पाय कधी ताठले नाहीत. "सैल होते," मी म्हणत असे, आणि मॅडम दुसरं काही न विचारता माझा शब्द धरत. दवाखान्यात माझा शब्द कोणी धरत असेल तर तो एवढाच. तेवढ्या एका गोष्टीत मी त्यांच्या बरोबरीनं उभी असे.

माझी माय रामाकोन्याच्या पुढं एका खेड्यात एकटी राहायची. भाऊ बायकापोरांसह पांढुर्ण्याला. माय शनिवारी जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला यायची आणि परतताना दवाखान्यात डोकावायची. आधी ती माझ्यासाठी काहीतरी आणत असे. मॅडम आल्यावर तिचा डबा मोठा झाला. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, तिळाची चटणी, सांडगे. डबा माझ्या हातात देत म्हणायची, "डॉक्टरीणबाईले दे. उरलं तं तू खा." पुढच्या शनिवारी आली की पहिला प्रश्न, बाईंनी खाल्लं का. मी खाल्लं का, हे तिनं विचारल्याचं मला आठवत नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं, असं असेल. मी स्वतःला तसंच समजावत असे.

मॅडमही तशाच. मायला बघितलं की पायरीवर तिच्या पुढ्यात खाली बसत, केस सोडत आणि म्हणत, "आई, घाला तेल." माय पिशवीतून तेलाची बाटली काढी. ती बाटली ती घरून घेऊनच येऊ लागली होती. दोघी काय काय बोलत. माय हसे. माय हसताना तोंडावर पदर धरते आणि तिचे खांदे हलतात. मी आतून फरशी पुसता पुसता ते खांदे बघायची. लग्न झाल्यापासून माझ्या डोक्याला मायचा हात लागला नव्हता. लागला नव्हता म्हणून मला कधी काही वाटलंही नव्हतं. दुसरीच्या डोक्याला लागताना बघितला तेव्हा वाटलं.

संक्रांतीला मॅडम हट्टानं मायच्या घरी आल्या. रस्त्यावरून चालताना गावातली पोट्टी त्यांच्यामागं. घरात शिरल्या आणि शिरल्या शिरल्या खाली वाकून मायच्या पायांवर डोकं टेकवलं. माय विंचू चावल्यासारखी मागं सरली. आमच्या घरी लेकीनं मायबापाच्या पाया पडायचं नसतं. लेक लक्ष्मी, तिच्याच पाया पडायचं. सून पडते, मुलगा पडतो. लेकीचा हात पायाला लागला की मायबापाला पाप.

"तुमी लेकीसारख्या," माय म्हणाली, "लेकीनं नाही पडत व बाई."

"आमच्याकडं लेकीच आधी पडतात," मॅडम म्हणाल्या, आणि मायचे घोटे दोन्ही हातांनी धरून पुन्हा डोकं टेकवलं. "आता मी काय आमची रीत सोडू?"

मग मायनं मॅडमच्या डोक्यावर हात ठेवला. मॅडम गेल्यावरही ती कितीतरी वेळ स्वतःच्या पायांकडं बघत बसली होती. भेगा पडलेले, शेतातल्या मातीनं कायमचे काळवंडलेले पाय. म्हणाली, "एवढी मोठी डॉक्टरीण." मी भांडी घासत होते. दवाखान्यात मी कितीतरी परक्यांचे पाय धुतले आहेत, पुसले आहेत, त्यांना तेल लावलं आहे. या पायांना मी कधी हात लावला नव्हता. ती सातारची बाई आली आणि रीत सांगून तो मान घेऊन गेली.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी माय आजारी पडली. ताप, अंग थरथरणं, लघवीला जळजळ. गावातल्या डॉक्टरनं बोतल लावली, बरं वाटलं नाही म्हणून आणखी एक लावली. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून सकाळी तिला आमच्याकडं आणलं तेव्हा ती माझं नाव घेत नव्हती, माझ्या मेलेल्या मावशीचं घेत होती. बीपी खाली, श्वास वरवर. मॅडमनी पाय बघितले, मोजे चढवले, रक्त तपासायला पाठवलं आणि जंतूंवरचं औषध सुरू केलं. लघवीतला जंतू रक्तात पसरला आहे, म्हणाल्या. माझ्याशी नीट बोलल्या, हळू आवाजात. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

भावाला फोन लावला. तो पांढुर्ण्याहून निघाला होता, पण पोचायला वेळ लागणार होता. वाटेतूनच ओरडून राहिला होता, "बोतल लावली का नाही? पह्यले बोतल लावाले सांग." सिस्टरनं बाटली काढून स्टँडला अडकवूनही ठेवली होती. नळी तेवढी जोडायची बाकी.

मॅडम सवयीनं दाराकडं वळल्या. "यांच्या पाया पडणारं—" आणि थांबल्या. बाहेर बाकावर जीपवाला आणि एक शेजारीण. मुलगा वाटेत, सून त्याच्यासोबत. वाट बघण्याएवढा वेळ नव्हता. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

"ए लाजाळू, ये. तुझेच हात चांगले आहेत."

मॅडमनी मशीन मायच्या छातीवर ठेवलं. सिस्टरनं पाठ खाली केली. मी मोज्यांसकट मायच्या टाचा तळहातांवर घेतल्या आणि उचलल्या. किती हलके होते ते पाय. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, खरं सांगते, आनंदही होत होता. तेवढ्यात मायनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. ओळखलं. आणि पाय ओढायला लागली. ओरडली नाही, बोलली नाही, नुसती ओढत राहिली. चादरीखाली तिच्या मांड्या ताठ झालेल्या मला तळहातांत कळत होत्या. मी घट्ट धरून ठेवलं.

"वाढलं," मॅडम मशीनकडं बघत म्हणाल्या. "चांगलं वाढलं."

सिस्टरनं नळी हातात घेतली. फोन अजून चालूच होता, त्यातून भाऊ म्हणत होता, "काय झालं? बोतल लावली का?"

मी पाय खाली ठेवले. मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "सैल होते की ओढत होती?"

मला एक शब्द म्हणायचा होता. सैल. माझ्या हातांत तिचा आकडा वाढला होता. मॅडमच्या मशीननं सांगितलं होतं, मी नाही. मी सैल म्हटलं असतं तर कोणी पुन्हा विचारलं नसतं. माझा शब्द धरला जायचा. आणि नाही म्हणायचं म्हणजे मॅडमसमोर, सिस्टरसमोर, लहान डॉक्टरसमोर, फोनवर ऐकणाऱ्या भावासमोर सांगायचं, की साऱ्या दुनियेचे पाय माझ्या हातात सैल पडतात आणि माझ्या जन्मदात्या मायचे पडत नाहीत. ती माझ्या हातातून पाय सोडवून घेत होती.

रामाकोन्याच्या म्हाताऱ्याची घरघर मी ऐकली होती.

"ओढत होती," मी म्हटलं.

"काय म्हटलंस?"

"ओढत होती. लय ओढत होती."

मॅडमनी मान हलवली. सिस्टरला नळी खाली ठेवायला सांगितली. माय शांत होईपर्यंत थांबलो. मग मशीन लहान डॉक्टरकडं देऊन मॅडम खाटेच्या पायथ्याशी, माझ्या जागी आल्या. मी बाजूला झाले. त्यांनी हात घोट्यांखाली घातले आणि म्हणाल्या, "आई, मी आहे. सातारची."

मी मायच्या पायांकडं बघत होते. ते पाय मॅडमच्या हातांत आपले आपण पडले, जसे झोपलेल्या लेकराचे पडतात. मायनं डोळे मिटून घेतले. हेच पाय माझ्या हातांत ताठले होते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माय मरणाच्या दारात आणि मला हे सुचत होतं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. ते तसंच होतं.

"नाही वाढत," लहान डॉक्टर म्हणाला. "जिथल्या तिथं आहे."

"पाणी नको हिला," मॅडम म्हणाल्या. "दोन बाटल्यांचं आधीच आत आहे. औषधानं दाब धरू." बारीक नळीतून थेंब थेंब जाणारं, बीपी वर धरणारं औषध त्यांनी पंपावर लावलं आणि स्टँडची मोठी बाटली स्वतःच्या हातानं काढून ठेवली.

भाऊ आला तो तापलेला. रिकामा स्टँड बघून मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "तू इथं नौकरी करतं का तमाशा पाहतं? माय मरून राहिली अन् हे पाय उचलून राहिले. बोतल काहून नाही लावली?" मॅडमनी त्याला पायरीवर नेलं. काय सांगितलं मला माहीत नाही, पण तो परत आला तो थेट मायच्या पाया पडला. मायनं त्याला ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशीही बीपी औषधावरच होतं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी औषध थोडं कमी केलं आणि तरी बीपी खाली आलं नाही. त्या सगळ्या दिवसांत मी घरी गेले नाही. तिचं अंग पुसलं, वेणी घातली, चमच्यानं पेज भरवली. पायांना तेवढा हात लावला नाही. ते सिस्टर करी. मायचं डोकं पुरतं ठिकाणावर आलं, तेव्हा तिनं माझ्याकडं बघून पहिलं वाक्य म्हटलं ते, "कोंबड्यांले दाना कोन टाकून राहिलं?" आणि दुसरं, "बाई आल्या का?"

सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी मॅडम राऊंडला आल्या. लहान डॉक्टर होता, सिस्टर होती, भाऊ होता. मॅडम मायच्या खाटेवर बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला आणि हसत हसत मला म्हणाल्या, "तुझी आई काय म्हणाली ऐकलंस का? काल मी तिला विचारलं, लेकीनं पाय धरले तर एवढ्या ओढत का होतात. म्हणते कशी, लेकीचा हात आईच्या पायाला मेल्यावरच लागतो. तिनं पाय धरले, तेव्हा मला वाटलं मी गेलेच. म्हणून जीव खाऊन ओढत होते."

सगळे हसले. भाऊ हसला. माय तोंडावर पदर धरून हसली, तिचे खांदे हलले. मीही हसले आणि मोरीत जाऊन धुतलेलं भांडं पुन्हा धुतलं.

म्हणजे ती माझा हात झिडकारत नव्हती. तिला मरायचं नव्हतं, एवढंच. हे कळून मला जे वाटायला हवं होतं ते वाटलं. छातीवरचा दगड उतरला. पण दगड उतरवणारा हात पुन्हा त्यांचाच. मी दिवसभर उशाशी बसले होते, तेव्हा मायनं मला कोंबड्यांचं विचारलं. आणि जी गोष्ट माझी होती, माझ्याबद्दलची होती, ती तिनं मॅडमला सांगितली, आणि मॅडमनी ती चार माणसांसमोर मला दिली.

मायला तिच्या घरी सोडल्यावर मी धीर करून तिला विचारलं, की तुला त्या दिवशी काय वाटलं होतं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "सांगतलं ना डॉक्टरीणबाईले. आता पुन्हा काय सांगू?"

मॅडम पुढच्या वर्षी गेल्या. त्यांच्या गावाकडं मोठा दवाखाना निघाला म्हणे. जाताना त्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या, मलाही. नव्या डॉक्टरसाहेबांनी बटणाच्या खाटा आणवल्या. आता पाय आपोआप वर होतात, कोणाला बोलवावं लागत नाही. माय अजून शनिवारी येते आणि विचारते, बाईचा फोन आला का. येतो. मी मायच्या कानाला लावून देते आणि फरशी पुसायला घेते.

पण एक गोष्ट मॅडमना माहीत नाही. त्यांनी मायचं बोलणं सांगितलं ते त्यांच्या भाषेत. माय तशी बोलत नाही. "जीव खाऊन" असं ती आयुष्यात म्हणाली नाही. ती कुठं थांबते, कोणत्या शब्दावर आवाज खाली नेते, कधी "व बाई" म्हणून हात हलवते, ते मी जन्मापासून ऐकते आहे. म्हणून ते मी पुन्हा मायच्या तोंडून लावून बघितलं, खूपदा, फरशी पुसताना, भाकरी थापताना, जमेपर्यंत. आता जमलं आहे. तिनं असंच म्हटलं असणार:

"लेक पायाले हात लावून राहिली व बाई. मले वाटलं, मी गेली. अन् पोरगी तं एवढी भ्यालेली, तिले सोडून जाऊ कशी?"